आईचं संध्याकाळचं इन्सुलिन : घरी कोणी नसताना कसं जमवता?

पाटपाणी
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, पण मधुमेहावर जे काही आहे ते सगळं 'काय खावं, काय टाळावं' याच वळणाचं. माझी अडचण वेगळी आहे म्हणून नवा धागा.

आई ७३ वर्षांची. बाबा गेल्यावर साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला आली. डायबिटीस वीसेक वर्षांचा. इतकी वर्षं गोळ्यांवर भागलं, दिवाळीनंतर इन्सुलिन सुरू झालं. ३०/७० चं मिश्र, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. शिवाय ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या आहेतच. सकाळचं मी देते, त्यात काही प्रश्न नाही. संध्याकाळचा घोळ आहे. आईची जेवायची वेळ साडेसात. मी आणि नवरा घरी पोचतो साडेआठ-नऊला, पाऊस असला तर विचारूच नका. तिला मोतीबिंदू आहे, हात थरथरतात, सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. त्यामुळे मी येईपर्यंत उपाशी थांबते. मध्यंतरी घरी आले तर सोफ्यावर घामाने भिजून बसलेली, मीटरवर शुगर घसरून ५८.

नर्सिंग ब्युरोवाले म्हणतात एका इंजेक्शनसाठी बाई मिळणार नाही, बारा तासांची ठेवा. स्वयंपाकाच्या मावशी शिकायला तयार आहेत, पण आई म्हणते, "तिच्या हातून पोळ्या चालतात, सुई नको." दादा बंगळूरला असतो आणि आठवड्याला एक डाएट चार्ट पाठवतो.

तुम्ही काय करता?

रविवारची_मिसळ
परगावच्या भावंडांनी पाठवलेल्या चार्टांनी शुगर उतरली असती तर भारतात एकही पेशंट उरला नसता. आमच्याकडे ही जागा न्यूजर्सीच्या ताईने पटकावली आहे. (ताई, वाचत असशील तर हलकेच घे.)

खडूफळा
पाटपाणी, सिरिंज सोडा आणि पेन घ्या. माझे वडील ८१ चे, त्यांनाही रेघा दिसत नाहीत. पेनचं डायल फिरवलं की प्रत्येक युनिटला टक् असा आवाज येतो. ते मोठ्याने मोजतात, मी ऑफिसमधून व्हिडिओ कॉलवर आकडा बघतो, मग ते टोचतात. सुई आत गेल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजायचं आणि मगच बाहेर काढायची, नाहीतर थेंब कातडीवर राहतो. आधी दोन युनिट हवेत सोडून बघायचं, सुईच्या टोकाला थेंब दिसला तर पेन ठीक.

खर्च वाढतो हे खरं. पण बारा तासांच्या बाईपेक्षा कमीच.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन का थांबलंय?

पाटपाणी
@खडूफळा, शुगर फार वरखाली होतेय म्हणून डोळ्यांचे डॉक्टर थांबा म्हणाले. म्हणजे दिसत नाही म्हणून शुगर बिघडते आणि शुगर बिघडते म्हणून दिसत नाही, असं चाललंय. पेनचं विचारते. टक्-टक् तिला नक्की ऐकू येईल, कान अजून तिखट आहेत. मी फोनवर हळू बोलले तरी कळतं.

कडक_चहा
मला तर प्रश्नच कळला नाही. आईंनी नऊला जेवावं. घरात सगळे एकत्र जेवतात ही चांगलीच गोष्ट आहे. चार वाजता मूठभर फुटाणे दिले की झालं. म्हातारपणी सगळं आपल्या वेळेने हवं हा हट्ट झाला.

अंगणातली_तुळस
@कडक_चहा, पन्नास वर्षं जी बाई साडेसातला जेवली तिला तुम्ही सांगा बरं नऊला जेवायला. मी बाजूला उभी राहून बघते.

पाटपाणी, सोपा उपाय: त्यांना साडेसातला जेवू द्या, तुम्ही घरी आलात की इंजेक्शन द्या. तासाभराने काय फरक पडतो?

ओपीडी_नंतर
तुळसताई, फरक पडतो, म्हणून मध्ये बोलतो. (व्यवसायाने फिजिशियन. इथे कुणाचाही डोस सांगणार नाही, तो ज्यांनी तपासलंय त्यांनीच सांगायचा.)

३०/७० मध्ये एक भाग लवकर काम करणारा आणि मोठा भाग हळू काम करणारा असतो. साधं ह्यूमन मिक्स असेल तर जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचं. जेवून दीड तासाने दिलं तर जेवणाची साखर आधीच चढून बसलेली असते आणि इन्सुलिनचा जोर येतो मध्यरात्रीकडे, पोटात काही नसताना. रात्री दोन-तीनला घाम फुटणं, बडबडणं, सकाळी डोकं जड असणं, यातलं बरंच काही त्यातून येतं.

दुसरं. ग्लिमेपिराइडसुद्धा शुगर उतरवतं आणि ते जेवणाची वाट बघत नाही. सकाळी गोळी, सकाळी इन्सुलिन आणि रात्री नऊपर्यंत उपास, यावर ५८ आलं याचं मला आश्चर्य वाटलं नाही. वयस्कर माणसात, त्यातून किडनी थोडी मंद असेल तर, ही गोळी रेंगाळते. म्हणून अशी शुगर उतरली आणि साखर देऊन वर आली तरी पुढचा दिवसभर लक्ष ठेवायचं, ती पुन्हा उतरू शकते.

तिसरं आणि माझ्या मते मुख्य. तुम्ही विचारताय, ही सुई कोण देणार? डॉक्टरांना विचारा, ही सुई हवीच का? एकट्या राहणाऱ्या किंवा दिवसभर एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी औषधं सोपी करता येतात. काहींना दिवसातून एकदाच, सकाळी, दिवसभर सपाट चालणारं इन्सुलिन पुरतं. सगळ्यांना नाही. पण डॉक्टरला तुमच्या घरची साडेसात ते नऊची भानगड माहीत नसेल तर तो कागदावरची शुगर बघून कागदावरचं औषध लिहिणार. आठवडाभराच्या नोंदी घेऊन जा: कधी टोचलं, कधी जेवल्या, कधी किती आली.

पाटपाणी
@ओपीडी_नंतर, हे कुणी विचारलंच नव्हतं हो. ओपीडीत आमचे चार मिनिटं असतात, त्यातली दोन आई डॉक्टरांना तब्येत मस्त आहे हे सांगण्यात घालवते.

बत्ताशा
सगळ्या आयांना हा रोग असतो. डॉक्टरसमोर "काही त्रास नाही", रिक्षात बसल्यावर "गुडघा फार दुखतोय गं".

जांभूळबी
कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आमच्या आजोबांनी जांभळाच्या बियांची पावडर आणि कारल्याचा रस घेऊन सगळी औषधं बंद केली होती. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, हे कंपन्यांचं राजकारण आहे. विजयसार लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून...

रविवारची_मिसळ
आला! मी म्हणतच होतो, आयडी बघून.

ओपीडी_नंतर
@जांभूळबी, कारल्याची भाजी खुशाल खा, मलाही आवडते. पण चालू औषधांवर रस आणि चूर्णं चढवायची आणि डॉक्टरला सांगायचं नाही, हे करू नका. त्यातल्या कशाने शुगर थोडी उतरली तर आधीच इन्सुलिनवर असलेला माणूस आणखी खाली जातो. आणि 'एकदा लागलं की सुटत नाही' म्हणाल तर, कित्येकांचं इन्सुलिन तापात, ऑपरेशनच्या वेळी चालू होतं आणि नंतर बंदही होतं. ज्यांचं स्वादुपिंड थकलेलं असतं त्यांचं सुटत नाही, कारण त्यांना ते हवं असतं. कंपन्यांच्या राजकारणावर वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

उंबरठा
शुगर आपोआप उतरली यावर एक अनुभव. आमच्या सासऱ्यांची शुगर एक वर्ष एकदम छान येऊ लागली. जेवण तेच, औषध तेच. घरात सगळे खूश, सासरे सगळ्यांना सांगायचे की मॉर्निंग वॉकचा परिणाम. मग पायावर सूज आली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केली. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरातून लवकर निघून जात नाही, तेवढाच डोस जास्त वेळ काम करत राहतो. म्हणजे बरी वाटणारी शुगर ही किडनीची तक्रार होती. तेव्हापासून डोस अर्ध्यावर आला.

वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि डोळ्याचा पडदा, एवढं करतच चला. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा. पायांना मुंग्या येतात त्या सगळ्या शुगरच्याच असतात असं नाही.

म्हापशेकार
गोंयकार हजर. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाबचा जो देशभराचा अभ्यास आला त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४. म्हणजे राज्यांत पहिले आम्ही. आमच्या पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, कशात तरी पहिले आलो."

पप्पांना शीत-कडी सोडा म्हणणं म्हणजे घर सोडा म्हणणं. आम्ही सोडायला लावलं नाही. मापासाठी एक वाटी ठरवली, स्टीलची, काठाला पोचा असलेली, म्हणजे बदलता येत नाही. त्या वाटीने एक वाटी भात, त्यावर हवी तेवढी कडी, ताटात बांगडा किंवा तारली एक जास्त आणि आधी भाजी संपवायची. सुरुवातीला वाटी दाबून भरायचे. आई म्हणाली, "दाबून भरलास तर दोन धरीन." आता सरळ भरतात.

चिंचगूळ
आमच्याकडे 'साखर नाही, गूळ चालतो' हे ब्रह्मवाक्य आहे. गुळाचा चहा, गुळाची पोळी, तिळगूळ. मीटरला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही हे सासूबाईंना पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

आणि एकादशी! एरवी पोळी मोजून खाणारी बाई त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. दुसऱ्या दिवशी म्हणायचं, "उपास केला तरी वाढलीच!"

कडक_चहा
यालाच मी शिस्त नाही म्हणतो. घरात गोड आणूच नका. डबा नाही तर चोरी नाही.

चिंचगूळ
@कडक_चहा, सासूबाईंचे पेढे देव्हाऱ्याच्या खणात असतात, कापसाच्या वातींखाली. प्रसाद आहे म्हणतात. तुम्ही या आणि देवाला शिस्त लावा.

आम्ही तह केलाय. सणाला एक गोड, तेही जेवणाच्या ताटात, आणि त्या दिवशी भात नाही. मधल्या वेळी नाही. तेव्हापासून खण बऱ्यापैकी रिकामा असतो.

बत्ताशा
खरं सांगू का, ८० वर्षांच्या माणसाला श्रीखंड नाकारून आपण काय मिळवतो? आणखी दोन वर्षं, बिनसाखरेच्या चहाची? खाऊ द्या हो.

टाळ_चिपळ्या
बत्ताशा, तुमचं म्हणणं मला दहा वर्षांपूर्वी पटलं असतं.

आमचे अण्णा वारकरी. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर, दरवर्षी. पायाची संवेदना गेली होती, पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनासुद्धा. एका वर्षी लोणंदहून निघाल्यावर चपलेच्या तळातून खिळा वर आला. चांदोबाचा लिंब झाला, रिंगण झालं, तरडगावला मुक्कामी पोचल्यावर दिंडीतल्या एकाने विचारलं, अण्णा, मोजा लाल का झालाय? तोवर त्यांना पत्ता नाही. पुढे जखम चिघळली, अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. सहा महिने रोज ड्रेसिंग. मी नोकरी सांभाळून ते केलंय. 'खाऊ द्या' म्हणणारे नातेवाईक भरपूर होते, ड्रेसिंगला त्यातलं कुणी येत नाही.

आता काय करतो ते लिहितो, कुणाला उपयोगी पडलं तर. रात्री झोपताना तळपाय बघायचा. त्यांना वाकता येत नाही म्हणून जमिनीवर आरसा ठेवतो. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथे तेल-क्रीम लावायचं नाही, ओल राहते आणि बुरशी धरते. टाचेला लावा. चप्पल-बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी नाही, भाजलं तरी कळत नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. देवळात शक्यतो सकाळी जायचं, दुपारी फरशी तापलेली असते. घरातही एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल. वारी सुटलेली नाही, आता बुटात मोजे घालून जातात आणि प्रत्येक विसाव्याला पाय बघतात.

बत्ताशा
अण्णांचं वाचून गप्प झालो. पण माझा मुद्दा अगदीच सोडत नाही. पाय बघणं आणि श्रीखंडावर पहारा देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कुणी कंटाळत नाही, दुसरीने घरात रोज भांडण होतं. आमच्या आईने शेवटी मीटरच बाहेर काढायचं बंद केलं होतं, कारण आकडा आला की सगळे तिच्या ताटाकडे बघायचे.

टाळ_चिपळ्या
हे मात्र कबूल. अण्णांनाही आकडा विचारला की रागावतात. मी वहीत लिहून ठेवतो, बोलत नाही.

खडूफळा
मीटरवरून आठवलं. मे महिन्यात वडिलांची शुगर ३१२ आली. घरात धावपळ. मग लक्षात आलं, नुकताच हापूस चिरला होता नातवासाठी. हात साबणाने धुवून पुसून पुन्हा बघितली तर १७८. बोटाला फळाचा रस असला की मीटर तोच मोजतं. सॅनिटायझर लावून भागत नाही, पाण्याने धुवा. टोचायचं बोटाच्या कडेला, मध्यभागी जास्त दुखतं. आणि स्ट्रिप्सची डबी पावसाळ्यात उघडी ठेवू नका, दमटपणाने खराब होतात.

न्यूजर्सीची_मामी
मी मिसळची ताई नाही, दुसरी. :) परदेशातून येताना सिरिंज आणणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना. भारतात इन्सुलिनची कुपी बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत मिळते ती १०० ची, नारिंगी टोपणाची. नारिंगीने कुपीतलं २० च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात जातात आठच युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये, तर २० च्या जागी पन्नास. पेनचं कार्ट्रिज बहुधा १०० चं असतं, म्हणून पेन बिघडलं की त्यातलं लाल सिरिंजने ओढून टोचायचा उद्योग कुणी करू नये.

रविवारची_मिसळ
मामी, हे ताईला पाठवतो. ती दरवर्षी बॅग भरून आणते. शेवटी सल्ल्यापेक्षा सामान धोकादायक निघालं.

अंगणातली_तुळस
शुगर उतरली की घरात नेमकं काय द्यायचं? आमच्याकडे पेढा देतात. तोंडात पटकन जातो म्हणून.

ओपीडी_नंतर
पेढा, चॉकलेट, लाडू नको. त्यातल्या तूप-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाजी, दूध, काहीतरी पोटभरीचं. कुणी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल (गोळीच्या पाकिटावर बघा) तर साधी साखर उशिरा लागू पडते, त्यांच्या घरात ग्लुकोजच ठेवा.

माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासात जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन.

आणि वयस्कर माणूस संध्याकाळी उगाच चिडचिड करायला लागला, असंबद्ध बोलला, तर स्वभावावर जाण्याआधी शुगर बघा.

बत्ताशा
शेवटचं वाक्य फ्रेम करून माझ्या बायकोला पाठवतो. मला डायबिटीस नाही, पण तरी.

पाटपाणी
सगळ्यांचे आभार. खबर देते.

नोंदवही घेऊन गेलो. या वेळी आईला आधीच सांगितलं होतं की बोलणार मी. डॉक्टरांनी वही बघितली, किडनीची तपासणी करून घेतली आणि ग्लिमेपिराइड बंद केलं. ३०/७० बंद. आता सकाळी एकदाच, दिवसभर चालणारं इन्सुलिन, तेही पेनने. मेटफॉर्मिन राहिलं आणि जोडीला एक गोळी, जिच्याने सहसा शुगर एकदम पडत नाही म्हणाले. एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) सातच्या आत आणायचा अट्टहास या वयात, अशा परिस्थितीत करायचा नाही, आठच्या आसपास चालेल. त्यापेक्षा एकदाही ६० दिसता कामा नये.

आई साडेसातला जेवते. मावशी वाढून जातात. संध्याकाळी सुईच नाही, त्यामुळे मावशींच्या हाताचा प्रश्न मिटला, आणि गंमत म्हणजे बोट टोचून मीटर बघणं तिने मावशींकडूनच करून घ्यायला सुरुवात केली. ती सुई चालते! दादाने नवा चार्ट पाठवलाय, तो आईने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "यात ओट्स लिहिलंय, म्हणजे घोड्याचं दिसतंय."

कडक_चहा
आठ? माझ्या आईचं साडेसहा आहे. हे ढिलं झालं असं माझं मत.

ओपीडी_नंतर
@कडक_चहा, तुमच्या आईचं वय काय आणि औषधं कुठली? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर साडेसहा असेल तर रात्री शुगर किती उतरते ते एकदा तपासून घ्या. सरासरी छान दिसते तेव्हा ती वरच्या आणि खालच्या आकड्यांचीही असू शकते.

कडक_चहा
६९. ग्लिमेपिराइडच आहे. सकाळी डोकं जड असतं म्हणते, आम्ही बीपी समजत होतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चिंचगूळ
पाटपाणी, अभिनंदन. मोतीबिंदूची तारीख मिळाली का?

पाटपाणी
पुढच्या महिन्यात बोलावलंय, तोवर शुगर अशीच राहिली तर. टाळ_चिपळ्या, ती एमसीआरची चप्पल साध्या दुकानात मिळते का? आईचा अंगठा जरा वाकडा आहे, तयार माप बसत नाही.

टाळ_चिपळ्या
साध्या दुकानात क्वचित. सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात कृत्रिम अवयव-जयपूर फूटचा विभाग असेल तिथे विचारा, पायाचं माप घेऊन करून देणारे असतात. पट्टा मागे टाचेला असलेलाच घ्या, पुढे अंगठ्यात अडकवायचा नको. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.